विम्याच्या एजंटाची तळमळ

खेड्यातल्या घराच्या ओसरीवर विम्याचा एजंट येऊन टेकला, म्हणजे पुढे काय घडावयाचे हे सर्वांना ठाऊक असते. पाण्याचा तांब्या येतो, मागोमाग चहा येतो. एजंट पिशवीतून रंगीत पत्रके काढून सतरंजीवर मांडतो आणि अर्धा-पाऊण तास एकटाच बोलतो. मुलीचे लग्न, मुलाचे शिक्षण, म्हातारपणाची काठी, प्राप्तीवरील करातील सवलत, असे एकेक प्रकरण तो उलगडीत जातो. घरधनी मान डोलावीत असतो, घरातील बाई दाराशी उभी राहून ऐकत असते. शेवटी, माणूस मेहुण्याच्या ओळखीचा आहे आणि इतक्या लांबून आला आहे, एवढ्या दोन कारणांनी सही होते. दोन वर्षांनी ती पॉलिसी ट्रंकेच्या तळाशी सापडते. हप्ते थकून ती केव्हाच बंद पडलेली असते.

या एजंटाच्या अंगी उत्साह नव्हता असे कोणीही म्हणणार नाही. भर पावसात पौडाहून निघून कोळवण खोऱ्यातील वाड्या पालथ्या घालणे हे आळशाचे काम नव्हे. धंद्यात तळमळ हवी, हे तर त्याला शिकविणाऱ्यांनी दहा वेळा सांगितलेले असते. तेव्हा तळमळ असावी की नसावी हा वाद येथे नाही. तिचे तोंड कोणत्या दिशेला असावे, आणि ते भलत्या दिशेला वळते ते एजंटाच्या वाईट मनामुळे की त्याच्या शिक्षणाच्या व मोबदल्याच्या घडणीमुळे, हे पाहावयाचे आहे.

मुळशी तालुक्यात हा विचार करण्यास विशेष कारण आहे. या डोंगराळ, भाताच्या मुलखात एका शतकात दोन वेळा जमिनीचे रूपांतर एकाएकी रोख पैशात झाले. पहिली वेळ टाटांच्या धरणाची. 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीच्या दिवशी, मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापटांचे नाव त्याच्याशी कायमचे जोडले गेले. आणि 1924 पर्यंत झगडूनही खोऱ्यातील गावे पाण्याखाली जावयाची ती गेलीच. दुसरी वेळ विसाव्या शतकाच्या अखेरीस आली. हिंजवडी आणि माण या बाजूस संगणक-उद्योगाची वसाहत उभी राहिली, पिरंगुटास कारखाने आले, भूगावाकडे इमारती चढल्या, आणि जी भातखाचरे एकराने मोजली जात ती गुंठ्याच्या भावाने मोजली जाऊ लागली. जमिनीचा पैसा घरात आला, की तो कोठे ठेवावा हे सांगणारे लोक न बोलावता गोळा होतात.

धरणाच्या काळी खेड्यातला पैशाचा व्यवहार सावकाराच्या हाती होता. मुळशी पेट्यातील बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गहाण पडलेल्या किंवा त्यांच्या नावावर गेलेल्या होत्या. जमीन सुटू नये म्हणून कुळे जिवाचे रान करीत असता, पुष्कळशा सावकारांना भरपाई घेऊन मोकळे होणे बरे वाटत होते. आता, गिऱ्हाइकाची खडान्‌खडा माहिती असणे हाच जर विक्रेत्याचा मोठा गुण मानावयाचा, तर सावकाराइतका गुणी विक्रेता दुसरा सापडणार नाही! कोणाच्या घरी कोणत्या वैशाखात लग्न निघणार, कोणाचा बैल थकला, कोणाचे भाऊ वेगळे होणार, हे सारे त्याला तोंडपाठ असे. परंतु ते ज्ञान त्याच्या स्वतःच्या वहीच्या उपयोगी पडले. कुळाच्या उपयोगी पडले नाही.

याचे फळ पुणे जिल्ह्याने फार पूर्वीच पाहिले होते. 12 मे 1875 रोजी सुपे येथे शेतकरी सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चालून गेले आणि ती आग पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरली. त्यांचा मुख्य रोख कर्जरोख्यांवर आणि हिशेबाच्या वह्यांवर होता. ते कागद हाती लागतील तेथे जाळण्यात आले. जो कागद आपल्याला वाचता येत नाही आणि ज्याच्यावर आपला अंगठा मात्र उठलेला आहे, तोच त्यांना खरा वैरी वाटला. पुढे चौकशी होऊन 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. रोखे गावच्या निबंधकासमोर व्हावेत, आणि दिलेल्या पैशाची पावती, वर्षाचा हिशेब व पासबुक मागण्याचा शेतकऱ्यास हक्क असावा, अशा तरतुदी त्यात होत्या. विमेदारालाही आता त्याच जातीची एक सोय आहे. पॉलिसीचे कागद हाती पडल्यावर ते न पटल्यास ठरलेल्या दिवसांत परत करून पैसे मागता येतात. ही मुदत पूर्वी सामान्यतः 15 दिवसांची होती, ती 2024 साली 30 दिवसांची झाली. ओसरीवरच्या अर्ध्या-पाऊण तासाच्या बोलण्यात ही गोष्ट क्वचितच निघते.

मग मधला माणूसच काढून टाकावा, असे कोणाच्याही मनात येईल. तसा प्रयोग अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स संस्थानात झालेला आहे. लुई ब्रँडाइस या वकिलाने, जो पुढे तेथील सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश झाला, 1907 साली असा कायदा करविला की बचतीच्या पेढ्यांनी एजंटावाचून, गल्ल्यावरच विमा विकावा. हप्ते स्वस्त झाले. तथापि आपण होऊन पेढीपर्यंत चालत येणारे लोक थोडे निघाले, आणि घरोघर एजंट धाडणाऱ्या कंपन्यांचा धंदा त्याहून कितीतरी मोठाच राहिला. मीठ-मिरची संपली म्हणजे माणूस दुकानात जातो. आपल्या मरणाचा हिशेब करण्यास मात्र कोणी आपणहून उठत नाही. तो विषय दुसऱ्याने, आणि तोही ओळखीच्या माणसाने, घरी येऊन काढावा लागतो.

आपल्याकडेही विमा वाढला तो याच मार्गाने. हिंदी माणसाच्या जीविताला परदेशी कंपन्या जादा दर लावीत असत, त्या काळात मुंबईस 1870 साली बॉम्बे म्युच्युअल आणि 1874 साली ओरिएंटल या संस्था निघाल्या. 1913 साली साताऱ्यासारख्या जिल्ह्याच्या गावी अण्णासाहेब चिरमुले यांनी वेस्टर्न इंडिया ही विमा कंपनी काढली. 19 जानेवारी 1956 रोजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी नभोवाणीवरून राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली आणि त्याच वर्षी 1 सप्टेंबरला 245 लहानमोठ्या संस्था एकवटून आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले. दारावरची पाटी बदलली. ओसरीवर येऊन बसणारा माणूस बहुधा पूर्वीचाच राहिला. 2000 सालानंतर खाजगी कंपन्या पुन्हा आल्या, त्यांनाही त्याच माणसाची गरज पडली.

आता मोबदल्याचे गणित पाहू. 1938 च्या विमा कायद्यात मागाहून घातलेल्या 40-अ या कलमाने आयुर्विम्याच्या एजंटाच्या कमिशनला कमाल मर्यादा घालून दिली होती: पहिल्या वर्षीच्या हप्त्यावर शेकडा 35, दुसऱ्या व तिसऱ्या वर्षी शेकडा साडेसात आणि त्यापुढे शेकडा पाच. कित्येक दशके धंदा या चौकटीत चालला. 1 एप्रिल 2023 पासून कंपनीच्या एकूण खर्चाची मर्यादा सांभाळून कमिशन ठरविण्याची मोकळीक कंपन्यांना मिळाली. परंतु धंद्याची सवय जुन्या चौकटीतच घडलेली आहे. वर्षाचा हप्ता 30,000 रुपये धरला तर त्या दरांनी पहिल्या वर्षी जास्तीत जास्त 10,500, दुसऱ्या वर्षी 2,250 आणि चौथ्या वर्षापासून 1,500 रुपये होतात. जुन्या चार विमेदारांकडे जाऊन त्यांचे हप्ते चालू ठेवण्यापेक्षा एक नवा विमेदार गाठणे अधिक किफायतीचे, हे कोणत्याही चलाख मुलाला फळ्यावर मांडून दाखवावे लागणार नाही.

बंद पडलेल्या पॉलिसीचे दुःख काय असते हे ज्याने जगाच्या ध्यानी आणून दिले, तो एलिझर राइट मुळात गणिताचा अध्यापक होता. गुलामगिरीविरुद्ध झगडणारा हा अमेरिकन गृहस्थ 1844 साली लंडनला गेला असता, तेथे म्हाताऱ्या माणसांच्या पॉलिसींचा लिलाव त्याने पाहिला. हप्ता भरण्याची ताकद उरली नाही आणि कंपनी काही परत देणार नाही, म्हणून ते बिचारे आपली पॉलिसी, म्हणजे एका अर्थी आपले मरणच, परक्यास विकीत होते. हे दृश्य त्याला गुलामांच्या बाजारासारखे वाटले. मायदेशी परतल्यावर त्याने या गोष्टीचा ध्यास घेतला, आणि 1861 साली मॅसॅच्युसेट्समध्ये, हप्ता थकला तरी भरलेले सर्व पैसे बुडू नयेत असा कायदा झाला. हिंदुस्थानच्या 1938 च्या कायद्यातही पॉलिसी मोडल्यास मिळणाऱ्या किमतीची तरतूद आली. तथापि पहिली दोन-तीन वर्षे पुरी होण्याआधी हप्ता थांबविणाऱ्याच्या हाती फारसे काही पडत नसे. 2024 च्या नव्या नियमांनी ही झळ पुष्कळ कमी केली. तळमळ हा शब्द राइटसारख्याला शोभतो. त्याने विकले काही नाही, पण विकत घेणाऱ्याच्या बाजूने तो आयुष्यभर आकडे मांडीत बसला.

समजा, घोटवड्याच्या बाजूचे एक कुटुंब आहे. चौतिशीचा घरधनी, बायको, दोन मुले, म्हातारी आई. थोडी जमीन विकली गेली, थोडी भाताची राहिली आहे. दूध पुण्यास पोहोचविण्यासाठी कर्जावर टेंपो घेतलेला आहे. पहिला एजंट येतो, वर्षाला 30,000 रुपये बाजूला पडू शकतात एवढे ऐकतो, आणि 20 वर्षांची, सुमारे सहा लाखांची, बचत व विमा एकत्र असलेली पॉलिसी देऊन जातो. उद्या घरधनी दगावला तर त्या सहा लाखांतून टेंपोचे कर्ज वजा जाता किती उरेल, हा प्रश्न त्याने विचारलेलाच नाही. दुसरा एजंट येतो तो पत्रके पिशवीतच ठेवतो.

“दादा, तुमच्या बँकेच्या पासबुकात दर साल मे-जूनच्या सुमारास 436 रुपये कापल्याचे दिसते का?”

“कापतात खरे काहीतरी. कशाचे ते कोण सांगतो!”

“तो प्रधानमंत्री जीवनज्योतीचा दोन लाखांचा विमा. तेवढा चालू ठेवा. बरे, टेंपोचे किती राहिले?”

घरधनी उत्तर देण्यापूर्वीच आजी आतून म्हणते, “ते नका विचारू बाबा, घरात भांडण होईल.” परंतु विचारावयाचे तेच असते. ही जीवनज्योती योजना 2015 साली निघाली. तिचा वर्षाचा हप्ता 330 रुपये होता, तो जून 2022 पासून 436 झाला. तिच्यातून एजंटाच्या हाती फारसे काही लागत नाही, म्हणूनच तिचे नाव प्रथम घेणारा एजंट कोणासाठी आला आहे हे घरातल्यांना न सांगता कळते. यानंतर तो नुसत्या मुदतीच्या विम्याची गोष्ट काढतो. त्यात माणूस जगला तर पैसे परत मिळत नाहीत. परंतु त्याच 30,000 रुपयांच्या एका भागात सहा लाखांच्या अनेक पट संरक्षण मिळते आणि उरलेले पैसे मोकळे राहतात. ‘जगलो तर पैसे बुडाले’ हे वाक्य येथे हमखास येते, आणि त्याचे उत्तर रागावून देण्यासारखे नसते. बैलाच्या गळ्यातल्या दाव्याचे पैसे, बैल पळाला नाही म्हणून, बुडाले असे कोणी म्हणत नाही. दुसऱ्या एजंटाची मिळकत पहिल्याच्या मानाने बरीच कमी होते, हेही येथेच सांगून टाकले पाहिजे.

कर्जाविषयी विचारल्यामुळे आणखी एक लाभ होतो. 1874 च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्यातील सहाव्या कलमाखाली नवऱ्याने बायको-मुलांच्या नावे काढलेल्या पॉलिसीचे पैसे विश्वस्त-निधी म्हणून राहतात. नवऱ्याच्या सावकारांना त्यांवर सामान्यतः हात टाकता येत नाही. त्यासाठी अर्ज करतेवेळीच एक जादा कागद भरावा लागतो, मागाहून ते साधत नाही. ज्या एजंटाने टेंपोच्या कर्जाची चौकशी केली नाही, त्याला हा कागद आठवण्याचे कारणच पडत नाही.

हप्ता कोणत्या महिन्यात यावा, ही गोष्ट दिसण्यात लहान आहे. भातकऱ्याच्या हाती पैसा येतो तो पीक झोडून झाल्यावर. आषाढ-श्रावणात लावणीच्या मजुरीने तो रिकामा झालेला असतो. अशाचा वार्षिक हप्ता जुलैत पाडणे म्हणजे पॉलिसी मोडण्याची तारीखच लिहून ठेवणे होय. उलट ज्याच्या घरी दुधाचा पैसा नियमाने येतो, त्याला महिन्याचा हप्ता सोसतो. मात्र महिन्याच्या हप्त्याला सवलतीचे दिवस 15 आणि वर्षाच्या हप्त्याला 30, हा फरक त्याला समजावून दिला पाहिजे. कंपनीचे वर्ष 31 मार्चला संपते, म्हणून मार्चमध्ये एजंटाचे पाय अधिक वेगाने चालतात. खेड्यातील वर्ष त्या दिवशी संपत नाही.

जमीन विकून आलेल्या मोठ्या रकमेबाबत तर, विमा काढण्याआधी ती सध्या ठेवली आहे कोठे, हे विचारणे अगत्याचे असते. बँकेतील ठेवीला 4 फेब्रुवारी 2020 पासून एका ठेवीदारामागे एका बँकेत पाच लाखांपर्यंत ठेव-विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतील ठेवीला ते नाही. दोन्हींच्या दारावर पाट्या सारख्याच ठळक असतात, आणि रोज संध्याकाळी दुकानावर येणारा पिग्मीवाला दोन्हींकडे असतो.

अर्जाचा कागद कोणी भरावा? रूढी अशी की एजंट भरतो आणि विमेदार फुली केलेल्या जागी सही करतो. रक्तदाब आहे का, मधुमेह आहे का, वडील कशाने गेले, या रकान्यांत घाईने ‘नाही’, ‘नाही’ असे लिहिले जाते. खरे लिहिले तर हप्ता वाढेल किंवा अर्ज फिरेल अशी भीती असते. 2015 च्या दुरुस्तीनंतर 45 व्या कलमानुसार पॉलिसीस तीन वर्षे पुरी झाली म्हणजे कंपनीला तिच्याविषयी वाद काढता येत नाही. परंतु त्या तीन वर्षांत माणूस गेला तर हाच ‘नाही’ त्याच्या बायकोपुढे येऊन उभा राहतो. सुप्याच्या शेतकऱ्यांना जाळावासा वाटला तो असाच कागद होता. पहिला हप्ता एजंटाने आपल्या कमिशनातून भरून टाकण्याची युक्तीही सर्वत्र परिचित आहे; कायद्याच्या 41 व्या कलमाने ती वर्ज्य केलेली आहे. फुकट मिळालेल्या पॉलिसीचा दुसरा हप्ता भरण्याचे गिऱ्हाइकाच्या मनात येत नाही, आणि एजंटाला तर तो भरावयाचाच नसतो.

राहिला शिक्षणाचा प्रश्न. 2000 सालच्या नियमांनी नव्या एजंटाला परीक्षेपूर्वी 100 तासांचे शिक्षण आवश्यक केले होते. काही वर्षांतच ते 50 तासांवर आले. तास कमी झाले याचे दुःख एका मर्यादेपर्यंतच करावे, कारण त्या तासांत काय चालते हे अधिक महत्त्वाचे. पुष्कळ ठिकाणी दोन गोष्टी चालतात: परीक्षेसाठी व्याख्यांचे पाठांतर आणि विक्रीसाठी हरकतींच्या उत्तरांचे पाठांतर. गिऱ्हाईक ‘पैसे नाहीत’ म्हणाले तर हे बोलावे, ‘बायकोला विचारतो’ म्हणाले तर ते बोलावे. वर्गात घोकून आलेला मुलगा इन्स्पेक्टरसाहेबांपुढे धडाधड उत्तरे देतो, पण प्रश्न जरासा फिरवला की गप्प होतो. तीच गत येथे होते. ‘बायकोला विचारतो’ ही वास्तविक हरकतच नव्हे. ज्या बाईला पुढे ते पैसे मिळावयाचे तिला विचारणे हे रास्तच आहे, आणि शहाण्या शिक्षकाने शिष्याला सांगावे की त्या बाईलाच ओसरीवर बोलावून बसवून घे.

पण शिक्षकही त्याच दोरीने ओढला जातो. महामंडळातील विकास अधिकाऱ्याची बढती व बक्षिसे मुख्यतः त्याच्या हाताखालच्या एजंटांनी आणलेल्या नव्या हप्त्यांवर अवलंबून राहत आली. रविवारच्या बैठकीत फळ्यावर नावे लिहिली जातात ती नव्या पॉलिसींच्या आकड्यांनिशी. टाळ्या त्यांनाच पडतात. अमेरिकेत 1927 साली मेंफिस येथे 32 विमा-विक्रेत्यांनी स्थापन केलेल्या ‘मिलियन डॉलर राउंड टेबल’ या मंडळाचे सभासद होणे हे आपल्याकडील एजंटांचेही स्वप्न असते. त्या मंडळाची पायरीही मुख्यतः धंद्याच्या वा मिळकतीच्या आकड्याने मोजली जाते. याउलट धंद्यात आणखी एक मोजमाप फार दिवसांपासून आहे, ते ‘तेराव्या महिन्याचे’. शंभर पॉलिसी विकल्या, त्यांतील किती तेराव्या महिन्यात, म्हणजे दुसऱ्या वर्षीचा हप्ता भरल्यानंतर, जिवंत आहेत? तसेच पुढे एकसष्टाव्या महिन्यात किती? कंपन्या हे आकडे प्रसिद्ध करतात. रविवारच्या फळ्यावर तेच लिहावयास कोणाची आडकाठी आहे? नव्या मुलाला पहिले सहा महिने विकावयास न धाडता, जुन्या एजंटाच्या बंद पडलेल्या पॉलिसींची यादी घेऊन त्या त्या घरी ‘का थांबविली’ एवढेच विचारून येण्यास पाठविले, तर पन्नास तासांत जे शिकता येत नाही ते त्याला पाच घरांत शिकता येईल. काही घरी चहा मिळेल, काही घरी बोलणी बसतील. दोन्ही अभ्यासक्रमातच धरावीत.

विकास अधिकाऱ्याने शिष्याला अवश्य बरोबर न्यावे असा आणखी एक प्रसंग असतो. घरातले मरण होऊन तेरावे झालेले असते. एजंट दिवस पाहून, सकाळच्या वेळी, पिशवी न घेता जातो. म्हातारीजवळ बसतो, थोडा वेळ काहीच बोलत नाही. मग वहिनींना ट्रंक आणावयास सांगतो. पॉलिसीचा मूळ कागद, ग्रामपंचायतीचा मृत्यूचा दाखला, वारसाच्या ओळखीचा कागद, बँकेचे पासबुक: एकेक करून तो सतरंजीवर मांडतो, कोणत्या कागदाची प्रत काढावयाची आणि कोणता कधीही हातचा सोडावयाचा नाही ते सांगतो. दाखल्यावरचे नाव आणि पॉलिसीवरचे नाव यांत एका काना-मात्रेचा फरक निघतो. तो दुरुस्त करून घेण्यासाठी ग्रामपंचायतीत कोणास भेटावयाचे हे त्याला माहीत असते, आणि बाईंना घेऊन तो स्वतःच तिकडे निघतो.